इंधने आणि बहुवारिके (पॉलिमर) शिकवताना रेणू-प्रतिकृतींचा संच कितपत कामाला येतो?

नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना कार्बनी संयुगे शिकवताना फळ्यावरच्या रचनासूत्रांची मर्यादा लवकर जाणवते, म्हणून आमच्या शाळेने प्रयोगशाळेसाठी चेंडू आणि काड्यांचा रेणू-प्रतिकृती संच घेतला. त्यात कार्बनचे काळे, हायड्रोजनचे पांढरे, ऑक्सिजनचे तांबडे आणि नायट्रोजनचे निळे चेंडू असून एकेरी बंधासाठी आखूड ताठ काड्या आणि दुहेरी-तिहेरी बंधांसाठी लांब, वाकणाऱ्या नळ्या आहेत. प्रत्येक चेंडूला त्या मूलद्रव्याच्या संयुजेइतकीच, म्हणजे त्याचा अणू जितके बंध करतो तितकीच, भोके असल्यामुळे कार्बनला पाचवा बंध जोडण्याची चूक मुलांकडून होऊच शकत नाही.

संचाचे खरे मोल क्रॅकिंग, म्हणजे उष्णतेने हायड्रोकार्बनचे रेणू तोडण्याची क्रिया, शिकवताना कळते. मुंबई हायच्या वायूतून उरणला वेगळे काढलेले इथेन आणि प्रोपेन नागोठण्याच्या कारखान्यात जातात आणि तेथे प्रखर उष्णतेने त्यांच्यापासून इथीन तयार होते. इथेनपुरती ही अभिक्रिया बाकावर जशीच्या तशी घडवता येते: दोन्ही कार्बनवरचा एकेक पांढरा चेंडू काढून ते दोन एकमेकांना जोडायचे, म्हणजे हायड्रोजनचा रेणू बाजूला निघतो, आणि मग दोन कार्बनांमधल्या ताठ काडीच्या जागी दोन वाकड्या नळ्या बसवायच्या. आधी काडीभोवती सहज फिरणारे रेणूचे दोन भाग आता फिरेनासे होतात, आणि दुहेरी बंध म्हणजे नेमके काय हे मुलांच्या बोटांना समजते. पुढच्या तासाला प्रत्येक गटाने आपापल्या इथीनमधल्या नळ्या काढून तेथे पुन्हा ताठ काडी लावली आणि मोकळी झालेली टोके शेजारच्या गटाच्या रेणूला जोडली की पॉलिथीनची साखळी बाकाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पोहोचते. या साखळीत एकही दुहेरी बंध उरलेला नसतो. दुहेरी बंधामुळे असंपृक्त असलेले इथीन ब्रोमिनच्या द्रावणाचा रंग घालवते आणि पॉलिथीनची पिशवी मात्र तो घालवत नाही, याचे कारण मग वेगळे सांगावे लागत नाही.

ज्वलनाचा पाठही उत्तम होतो. स्वयंपाकाच्या गॅसमधल्या प्रोपेनचा एक रेणू आणि ऑक्सिजनचे पाच रेणू सुटे करून पुन्हा जुळवले की कार्बन डायऑक्साइडचे तीन आणि पाण्याचे चार रेणू बनतात व एकही चेंडू शिल्लक राहत नाही. अणुवस्तुमानांची बेरीज केल्यावर 44 ग्रॅम प्रोपेनमागे 132 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड मिळतो. घरच्या 14.2 किलोच्या सिलिंडरमधला गॅस संपेपर्यंत सुमारे 43 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत गेलेला असतो आणि हे वाढलेले वजन हवेतल्याच ऑक्सिजनचे असते, या निष्कर्षाशी मुले स्वतः येतात. वातावरणाच्या प्रकरणाची यापेक्षा चांगली सुरुवात मला माहीत नाही.

मात्र त्याच प्रकरणात संच कमीही पडतो. ऑक्सिजनच्या चेंडूला दोनच भोके असल्यामुळे कार्बन मोनॉक्साइडमधला तिहेरी बंध जोडता येत नाही, आणि बंद न्हाणीघरातल्या गॅस गीझरमुळे जीव घेणारा हाच वायू मुलांना नीट समजणे सर्वात आवश्यक असते. ओझोन करायला घेतला तर तीन तांबड्या चेंडूंचा बंदिस्त त्रिकोण होतो, प्रत्यक्षात तो रेणू दोन्ही टोकांना मोकळा आणि मध्ये वाकलेला असतो. कच्च्या तेलाच्या भागशः ऊर्ध्वपातनासाठी (उत्कलनबिंदूंनुसार घटक वेगळे करण्याची पद्धत) तर संचाचा फारसा उपयोग नाही, कारण मिथेन उणे 162 अंश सेल्सिअसला उकळतो आणि ऑक्टेनला सुमारे 126 अंश लागतात, यामागचे रेणूरेणूंमधले आकर्षण काड्यांनी दाखवताच येत नाही. बंध तोडताना जोर लागतो हे हाताला जाणवते, पण नवे बंध जुळताना ऊर्जा बाहेर पडते हे जाणवत नाही, त्यामुळे शिक्षकाने ते स्पष्ट सांगितले नाही तर बंध तुटल्यामुळेच उष्णता मिळते असा चुकीचा समज घट्ट होतो.

सोबतची पुस्तिका केवळ इंग्रजीत आहे आणि तिच्यात तयार रेणूंची चित्रे आहेत, अभिक्रिया नाहीत. मराठी माध्यमाच्या शाळांसाठी ही मोठी उणीव आहे. वाकणाऱ्या नळ्या वारंवार काढल्या-घातल्याने टोकाशी सैल होतात, म्हणून जादा नळ्या सुट्या मिळतात का हे खरेदीपूर्वी दुकानदाराला विचारावे. एकट्या डेकेनलाच 22 पांढरे चेंडू लागतात, तेव्हा पूर्ण वर्गासाठी एका मोठ्या संचाऐवजी दोन मध्यम संच घेणे सोयीचे ठरेल.