कफचं प्रेशर: अंगठा, सिरिंज की गेज?

पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्याला मण्यार चावते, आणि कपाशीवर फवारणी सुरू झाली की विषबाधेचे पेशंट येतात. यवतमाळकडच्या आयसीयूत काम केलेल्याला हे सांगायला नको. दोघांनाही कित्येकदा अनेक दिवस व्हेंटिलेटर लागतो, आणि तेवढे दिवस श्वासाच्या ट्यूबचा कफ, म्हणजे तिच्या टोकाजवळचा हवेचा फुगा, श्वासनळीला आतून टेकून राहतो. त्यातलं प्रेशर २० ते ३० सेंटिमीटर पाण्याइतकं हवं. कमी पडलं तर लाळ कडेने फुफ्फुसात झिरपते. कीटकनाशकाच्या विषबाधेत तर लाळेला खळ नसते. जास्त झालं तर श्वासनळीच्या आतल्या अस्तराचं रक्त अडतं, व्रण होतात आणि पुढे नळी आकसू शकते.

बहुतेक ठिकाणी अजून अंगठ्यावरच भागवतात. कफला जोडलेला बाहेरचा छोटा बलून दाबायचा, 'ठीक आहे' म्हणायचं. माझ्या अंगठ्याला मऊ लागलेला बलून गेजला, म्हणजे प्रेशर मोजायच्या काट्याला, जोडला तेव्हा काटा साठच्या पुढे गेला होता. त्या दिवसापासून मी अंगठ्यावर विसंबत नाही.

सिरिंज आणि स्टेथो त्याहून बरे. मानेवर स्टेथो ठेवून थोडी थोडी हवा भरायची, गळतीचा आवाज थांबला की थांबायचं. पण आकडा कळत नाही, आणि खड्ड्यांतून धावणाऱ्या १०८ मध्ये ऐकू काय येणार?

हातातल्या गेजला वीज लागत नाही, आकडा समोर दिसतो. एक खोड मात्र ओळखून ठेवा: जोडताना कफमधली थोडी हवा गेजच्या नळीत जाते आणि प्रेशर उतरतं. म्हणून नुसतं बघून काढू नका, पंचविसाच्या जरा वर आणून मगच काढा. दर पाळीला एकदा, शिवाय कूस बदलल्यावर आणि पेशंट हलवल्यावर पुन्हा. गेज येईपर्यंत थ्री-वे (तीन तोंडांची तोटी) लावून बीपीची डायल चालते. तिच्यावर पाऱ्याचे १५ ते २२ मिलिमीटर धरा. तिथे बारीक फरक नीट कळत नाही, तरी अंगठ्यापेक्षा कितीतरी बरं.

सतत प्रेशर राखणारं स्वयंचलित यंत्र उत्तम, पण महाग. दोन-तीन व्हेंटिलेटरच्या तालुक्याच्या दवाखान्याने आधी गेज घ्यावा, तोही कपाटात कुलपात नाही, खाटेजवळ टांगलेला.

नागपूरला किंवा सेवाग्रामला रेफर करताना चिठ्ठीवर शेवटचा आकडा आणि वेळ लिहा. पेशंट उतरवून घेणाऱ्या सिस्टरला त्यावरून कळेल, वाटेत कफ उतरला की नाही.