निसर्गातून ख्रिस्ती जीवनाचे धडे : एका दैनंदिन मननपुस्तिकेचे परीक्षण

वर्षाच्या प्रत्येक दिवसासाठी एक पान, पानाच्या माथ्यावर शास्त्रवचन, मध्ये एखादा पक्षी, कीटक, झाड किंवा ऋतू यांविषयीचा परिच्छेद, त्याखाली चार ओळींची प्रार्थना आणि शेवटी ‘आजची कृती’ अशी या मननपुस्तिकेची मांडणी आहे. वैयक्तिक मननासाठी आणि कौटुंबिक उपासनेसाठी ती दीर्घकाळ वापरल्यानंतर हे परीक्षण लिहीत आहे. पुस्तिकेचे आणि प्रकाशकाचे नाव मुद्दाम दिलेले नाही, कारण तिच्यातील गुण आणि दोष या प्रकारच्या बहुतेक मननसाहित्यात सारखेच आढळतात, आणि असे साहित्य निवडताना काय पाहावे हे वाचकाला कळावे, एवढाच येथे हेतू आहे.

सृष्टीकडून शिकणे ही पवित्र शास्त्राची जुनी रीत आहे. ईयोब आपल्या मित्रांना सांगतो की पशूंना विचारा, आकाशातील पाखरांना विचारा, ती तुम्हांला शिकवतील (ईयोब 12:7). नीतिसूत्रांचा लेखक आळशी माणसाला मुंगीकडे पाठवतो. यिर्मया करकोच्याचे उदाहरण देतो, कारण त्या पक्ष्याला आपल्या येण्याजाण्याचा समय कळतो आणि देवाच्या लोकांना मात्र आपल्या देवाचा नियम कळत नाही (यिर्मया 8:7). ज्या भूमीत हा संदेष्टा बोलत होता, तिच्यावरून आफ्रिका आणि युरोप यांच्यामध्ये ये-जा करणाऱ्या करकोच्यांचे प्रचंड थवे आजही दरवर्षी जातात, म्हणजे त्याच्या श्रोत्यांनी ते दृश्य डोळ्यांनी पाहिलेले होते. प्रभु येशूही डोंगरावरील प्रवचनात आधी पाखरांकडे पाहायला आणि फुले कशी वाढतात याचा विचार करायला सांगतो, बोध त्यानंतर येतो. मला हा क्रम फार महत्त्वाचा वाटतो. निसर्गावर आधारलेल्या मननात पाहणे खरे असेल तर त्यातून निघालेला बोध टिकतो आणि पाहणे ऐकीव असेल तर बोध कितीही गोड असला तरी त्याचा पाया कच्चा राहतो. या पुस्तिकेची पाने मी याच कसोटीवर तपासली.

सर्वांत उत्तम पान गव्हाच्या दाण्याविषयीचे आहे. योहानाच्या शुभवर्तमानातील (12:24) प्रभूचे वचन प्रत्येक ख्रिस्ती माणसाला पाठ असते: गव्हाचा दाणा जमिनीत पडून मेला नाही तर तो एकटाच राहतो, आणि मेला तर पुष्कळ पीक देतो. लेखक येथे लगेच आत्मत्यागावर प्रवचन सुरू करत नाही. तो वाचकाला ओल्या फडक्यात मूठभर गहू ठेवायला आणि काही दिवस रोज पाहायला सांगतो. आमच्या घरी मुलांनी हा प्रयोग केला. दाणे प्रथम पाणी शोषून टपोरे झाले, मग एका टोकाला पांढरा ठिपका दिसला आणि त्यातून मूळ बाहेर आले. हिरवा कोंब त्यानंतर वर निघाला. कोंब बोटभर झाल्यावर दाणा चिमटीत दाबला तेव्हा आतून दुधासारखा पांढरा द्रव आला आणि आणखी काही दिवसांनी पाहिले तर हाती फक्त रिकामे टरफल लागले. दाण्यात साठवलेले पिष्ट विरघळून अंकुराचे अन्न झाले होते. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने बीज मरत नाही, त्यातला अंकुर जिवंतच असतो, हेही लेखकाने प्रामाणिकपणे नोंदवले आहे; पण दाणा म्हणून जे काही होते ते संपूर्ण खर्ची पडते आणि पुन्हा दाणा म्हणून परत मिळत नाही, याकडे तो लक्ष वेधतो. वृद्ध आईवडिलांची सेवा करणाऱ्या किंवा मंडळीच्या कामात वर्षानुवर्षे अनामिकपणे झिजणाऱ्या माणसाला या पानातून जो धीर मिळतो, तो नुसत्या उपदेशाने मिळाला नसता.

द्राक्षवेलीचे पानही जवळपास याच तोडीचे आहे. योहान 15 मधील छाटणीचा उल्लेख आपण अनेकदा ‘देव दुःख देऊन शुद्ध करतो’ एवढ्यावर आटोपतो. येथे छाटणी का करतात हे नीट समजावले आहे: गेल्या हंगामात वाढलेल्या काडीवरील डोळ्यांतून जे नवे फुटवे निघतात त्यांनाच घड लागतात, म्हणून बागाइतदार त्या काडीवर मोजके डोळे ठेवतो आणि बाकीची वाढ काढून टाकतो, तसे केले नाही तर वेल पानांनी भरते आणि घड बारीक राहतात. म्हणजे जे छाटले जाते ते सगळे रोगट किंवा वाईट असते असे नाही. त्यात चांगल्या, हिरव्या, जोमदार वाढीचाही मोठा भाग असतो. दिवसभराच्या वेळापत्रकातून चांगली कामेसुद्धा कमी करावी लागतात, हा या पानाचा निष्कर्ष मला पूर्णपणे पटला, आणि ‘आजची कृती’ म्हणून एक चांगली पण अनावश्यक जबाबदारी सोडून देण्याची सूचनाही योग्य वाटली.

गहू आणि निदण यांचा दृष्टांत (मत्तय 13) घेताना लेखकाने हे तण कोवळेपणी गव्हासारखेच दिसते आणि ओंबी धरेपर्यंत भल्याभल्यांना ओळखता येत नाही, ही माहिती दिली आहे. मंडळीतील एखाद्या भावाबहिणीविषयी घाईने निकाल देणाऱ्यांनी हे पान दोनदा वाचावे.

याच पुस्तिकेत गरुडाचेही पान आहे आणि ते वाचताना मला मनापासून वाईट वाटले. गरुड चाळीस वर्षांचा झाला की तो डोंगरावर जातो, खडकावर आपटून चोच तोडतो, नखे उपटतो, पिसे काढतो, काही महिने वेदना सोसतो आणि मग नवा होऊन आणखी तीस वर्षे जगतो, अशी कथा तेथे वस्तुस्थिती म्हणून दिली आहे. ही कथा असंख्य व्यासपीठांवरून सांगितली जाते, परंतु ती खरी नाही. चोच आणि नखे केराटिनची असतात, ती सतत वाढतात आणि वापराने झिजत राहतात. चोच गमावलेला शिकारी पक्षी भक्ष्य फाडून खाऊ शकत नाही आणि काही महिने तर सोडाच, फार दिवस जगूही शकत नाही. रानातला गरुड सत्तरी गाठत नाही. संडे स्कूलमध्ये ही गोष्ट ऐकलेले मूल पुढे जीवशास्त्र शिकते, ती खोटी असल्याचे त्याला समजते, आणि त्याच तोंडून ऐकलेल्या पुनरुत्थानाच्या साक्षीविषयीही त्याच्या मनात शंका उभी राहते. सत्याच्या देवाची साक्ष देण्यासाठी असत्याचा आधार घेण्याचे आपल्याला काहीच कारण नाही.

अधिक खेदाची बाब अशी की गरुडाविषयीची खरी माहिती या कल्पित कथेपेक्षा कितीतरी जास्त बोधप्रद आहे. गरुडाची पिसे खरोखरच बदलतात, पण ती एकदम गळत नाहीत. थोडी थोडी, अशा क्रमाने गळतात की त्याचे उडणे थांबत नाही. ‘तुझे तारुण्य गरुडासारखे नवे होते’ हे 103 व्या स्तोत्रातील वचन या माहितीच्या प्रकाशात वाचले तर रोजच्या कामात, संसारात, नोकरीत असतानाच हळूहळू होणारे नवीकरण डोळ्यांसमोर येते. शिवाय मोठे गरुड पंख मारून फारसे वर चढत नाहीत. सकाळी ऊन तापून जमिनीवरून उष्ण हवेचे झोत वर उठू लागले की त्यांवर पंख पसरून ते उंच जातात आणि तोपर्यंत बहुधा बसून राहतात. परमेश्वराची आशा धरून वाट पाहणारे नवी शक्ती मिळवतील आणि गरुडांप्रमाणे पंखांनी वर चढतील, या यशयाच्या वचनावर (40:31) याहून समर्पक भाष्य कोणते असू शकेल? पुढच्या आवृत्तीत हे पान नव्याने लिहिले गेले पाहिजे.

हंसांच्या थव्याच्या पानावरही अशीच हातघाई दिसते. ‘व्ही’ आकारात उडाल्याने मागच्या पक्ष्याला पुढच्याच्या पंखांमुळे वर उठणाऱ्या हवेचा आधार मिळतो हे बरोबर आहे, परंतु तेथे दिलेला ‘71 टक्के’ जास्त अंतराचा आकडा 1970 मधील सैद्धांतिक गणितातून प्रचारात आला आहे, प्रत्यक्ष थव्यांच्या मोजणीतून नव्हे. आणि मागचे हंस पुढच्याला प्रोत्साहन देण्यासाठीच ओरडतात हे विधान तर निव्वळ अंदाज आहे. मुंगीचे पान निर्दोष आहे. नीतिसूत्रांतील दाणे साठवणारी मुंगी त्या प्रदेशात खरोखर आढळते, आणि वारुळातील राणी अंडी घालते, हुकूम सोडत नाही, ही नोंद ‘तिला कोणी अधिकारी नसतो’ या वचनाशी चांगली जुळते.

माझा मुख्य आक्षेप मात्र चुकीच्या माहितीपेक्षा गाळलेल्या माहितीवर आहे. पूर्ण वर्षाच्या पानांत फुलपाखरे आहेत, मधमाश्या आहेत, इंद्रधनुष्य आहे, पण शिकार नाही, दुष्काळ नाही, घरट्यातून पडलेले पिल्लू नाही. चिमण्यांच्या पानावर देव चिमण्यांची काळजी घेतो एवढेच लिहिले आहे. मत्तय 10:29 मध्ये प्रभूने चिमणी पडतच नाही असे म्हटलेले नाही. पित्याच्या इच्छेवाचून ती भूमीवर पडत नाही असे म्हटले आहे, आणि तेही शिष्यांना छळाची पूर्वसूचना देताना म्हटले आहे. रानातले गवत आज आहे आणि उद्या भट्टीत पडते, हे वाक्यही त्याच मुखातून, फुलांच्या सौंदर्याच्या वर्णनाला जोडूनच आलेले आहे. 104 व्या स्तोत्रात तरुण सिंह गर्जना करून देवाकडे आपले अन्न मागतात, ईयोबाच्या पुस्तकात शहामृग आपली अंडी धुळीत टाकून निघून जाते, आणि पौल सांगतो की सारी सृष्टी कण्हत आहे, वेदना भोगत आहे (रोमकरांस पत्र 8:22). शास्त्राला जे लपवावेसे वाटले नाही ते मननपुस्तिकेने लपवले, तर ज्याच्या घरात नुकताच मृत्यू झाला आहे किंवा आजारपण मुक्कामाला आले आहे, त्या वाचकाला ही पाने परकी वाटू लागतात. आमच्या उपासनेत अशाच एका शोकाकुल भगिनीने इंद्रधनुष्याच्या पानानंतर पुस्तिका शांतपणे मिटून ठेवली आणि स्तोत्रसंहिता उघडली. तिला जे हवे होते ते या पुस्तिकेत नव्हते.

या बाबतीत एकच पान वेगळे आहे, आणि ते पानगळीनंतरच्या उघड्या झाडांविषयीचे आहे. सफरचंदासारख्या झाडांच्या कळ्यांना थंडीचा पुरेसा काळ मिळाला नाही तर त्या पुढे नीट फुटत नाहीत, असे सांगून लेखक कोरड्या, प्रार्थना जड वाटणाऱ्या दिवसांकडे वळतो. ‘तुमच्या दुःखामागे देवाचा अमुक हेतू आहे’ असे तो कोठेही म्हणत नाही. वरून मेल्यासारख्या दिसणाऱ्या फांदीत काय चालले आहे ते बाहेरून दिसत नाही, एवढे सांगून तो थांबतो. हा संयम इतर पानांवरही असता तर पुस्तिकेची उंची बरीच वाढली असती.

प्रार्थना साध्या आणि मोठ्याने वाचण्याजोग्या आहेत. ‘आजची कृती’ मात्र कमी-अधिक उतरली आहे. ‘आज सर्वांशी प्रेमाने वागा’ अशा सूचनेने काहीच घडत नाही. याउलट जैतुनाच्या कलमाच्या पानावर, रोमकरांस पत्राच्या 11 व्या अध्यायाचा संदर्भ देऊन, येत्या रविवारी मंडळीत नव्याने आलेल्या कुटुंबाशेजारी जाऊन बसा असे सुचवले आहे. ते आम्ही केले आणि त्यातून ओळख वाढली. पौल रानटी फांदी चांगल्या झाडावर लावण्याची गोष्ट करतो आणि ती ‘निसर्गाविरुद्ध’ आहे हे स्वतःच सांगतो, कारण बागेत सामान्यतः याच्या उलट, रानटी खुंटावर चांगली फांदी लावतात. कृपेचे नवल याच उलटेपणात आहे, हे लेखकाने दोन वाक्यांत फार सुंदर मांडले आहे.

छपाई सुवाच्य आहे, अक्षर वृद्धांनाही वाचता येईल इतके मोठे आहे, आणि रेखाचित्रे पक्ष्यांच्या बाबतीत नेमकी, कीटकांच्या बाबतीत कामचलाऊ आहेत. ऋतूंची मांडणी बर्फ पडणाऱ्या प्रदेशाला धरून केलेली असल्याने इतरत्र राहणाऱ्या वाचकाला पाने तारखेनुसार न वाचता आपल्या भोवतीच्या ऋतूनुसार निवडावी लागतात. शेवटी शास्त्रवचनांची किंवा विषयांची सूची नसल्यामुळे ही निवड वेळखाऊ होते.

मुले असलेल्या कुटुंबांना आणि संडे स्कूलच्या शिक्षकांना मी ही पुस्तिका घ्यायला सांगेन, विशेषतः ज्या पानांवर काहीतरी हाताने करून पाहायला सांगितले आहे त्यांसाठी. गरुडाचे आणि हंसांचे पान शिकवण्यापूर्वी शिक्षकांनी वर दिलेली दुरुस्ती करून घ्यावी. शोकात असलेल्या व्यक्तीला भेट म्हणून ती देऊ नये. ज्यांना एकट्याने, सखोल मनन करायचे आहे त्यांनी प्रत्येक पानावरचे वचन त्याच्या संपूर्ण अध्यायासह वाचावे, कारण पानावर गाळलेला भाग बहुतेक वेळा त्याच अध्यायात, दोन-चार ओळींच्या अंतरावर सापडतो.