गॅट्सबी की टॉम?
फिट्झगेराल्डच्या १९२५ च्या ‘द ग्रेट गॅट्सबी’त पैसा दोघांकडेही बक्कळ आहे, पण टॉमचा बापजाद्यांचा आणि गॅट्सबीचा अमेरिकेतल्या दारूबंदीत चोरून दारू विकून कमावलेला, आणि अख्खी कादंबरी या फरकावरच उभी आहे असं मला तरी वाटतं. टॉम ईस्ट एगला, म्हणजे जुन्या श्रीमंतांच्या वस्तीत राहतो, पोलोचे घोडे बाळगतो, मर्टल नावाच्या बाईशी बाहेर लफडं करतो, तिचंच नाक फोडतो तरी त्याचं कोणी काही वाकडं करत नाही. गॅट्सबी खाडीपलीकडे वेस्ट एगला, नवश्रीमंतांत, पार्ट्यांवर पार्ट्या. त्याच्या लायब्ररीतली पुस्तकं खरी आहेत पण पानंच कापलेली नाहीत (तेव्हा पुस्तकाची जोडलेली पानं कापूनच वाचावी लागत), म्हणजे एकही वाचलेलं नाही (हा डिटेल भारीच!). टॉम तर त्याच्या गुलाबी सूटवरूनच ठरवतो की हा कसला ऑक्सफर्डला शिकलेला.

आपण गॅट्सबीच्या बाजूने होतो खरे, पण ‘टॉमवर माझं कधी प्रेमच नव्हतं’ हे डेझीच्या, म्हणजे टॉमच्या बायकोच्या (गॅट्सबीचं जिच्यावर प्रेम आहे) तोंडून वदवून घ्यायचा गॅट्सबीचा हट्ट बघा, तिला काय वाटतं याच्याशी त्यालाही घेणंदेणं नाहीच. तरी टॉम जास्त डेंजर. मर्टल गाडीखाली मेल्यावर तिच्या नवऱ्याला, विल्सनला, गॅट्सबीचं नाव तोच सांगतो, विल्सन जाऊन गॅट्सबीला गोळी घालतो, आणि नंतर गोष्ट सांगणाऱ्या निकसमोर टॉमला नाव सांगितल्याचं जराही वाईट वाटत नाही.