राउटर रीस्टार्ट करावा की रीसेट?
वायफाय अडलं की हे दोन उपाय हमखास सुचवले जातात. ऐकायला सारखे, परिणामात जमीन-अस्मानाचा फरक.

रीस्टार्ट म्हणजे राउटर बंद करायचा, अर्धा मिनिट थांबायचं, पुन्हा चालू करायचा. मेमरीतला गोंधळ निघून जातो, सेटिंग्जना धक्का लागत नाही. पहिला उपाय नेहमी हाच.

रीसेट म्हणजे मागच्या बारीक भोकात टाचणी घालून साधारण १० सेकंद दाबून धरायचं. वायफायचं नाव, पासवर्ड, सगळं पुसलं जातं. खरी पंचाईत पीपीपीओई (कंपनीने दिलेलं युजरनेम-पासवर्ड राउटरमध्ये भरून चालणारी) जोडणी असलेल्यांची. युजरनेम-पासवर्ड पुन्हा भरल्याशिवाय इंटरनेट येतच नाही, आणि ते बहुधा केबलवाल्याकडेच असतात. रविवारी रात्री तो फोन उचलेल? म्हणून आधी ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ (किंवा राउटरच्या स्टिकरवरचा पत्ता) उघडून ‘वॅन’ (बाहेरून येणाऱ्या इंटरनेट जोडणीच्या) पानाचा फोटो काढाच. तिथे पासवर्डच्या जागी नुसते ठिपके दिसतात, तो केबलवाल्याकडून वेगळा मागून घ्या आणि लिहून ठेवा. हे पान उघडायला लागणारा ॲडमिन पासवर्डच विसरला असाल, तर मात्र रीसेटला पर्याय नाही.

फायबरच्या डब्यावर ‘एलओएस’चा लाल दिवा लुकलुकत असेल, तर दोन्ही सोडा. सिग्नलच पोचत नाहीये. पिवळी वायर कुठे दुमडली आहे का बघा आणि तक्रार नोंदवा.