पिकअपचा ट्यूनिंग बॉक्स: ९ महिने वापरल्यावर

जानेवारी, सोलापूरची गड्ड्याची यात्रा तोंडावर. तुळजापूरच्या घाटात, मागे चादरींच्या गाठी, आणि गाडीची रेस अडीच हजाराच्या वर जाईना. चेक लाईट पेटलेली. मागचा एसटीवाला हॉर्नवरचा हात काढायला तयार नाही. बॉनेट उघडलं तर रेल प्रेशर सेन्सरवरचा (डिझेलचा दाब मोजणारा) बॉक्सचा कनेक्टर लोंबतोय, त्याची प्लॅस्टिकची क्लिप तुटलेली. साडेअकरा हजारांचा बॉक्स, आणि क्लिप अशी की शेंगेचं टरफल तिच्यापेक्षा टणक.

या बॉक्सचं कामच मुळात खोटं बोलण्याचं. सेन्सर आणि ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, यांच्या मधे बसून तो दाब आहे त्यापेक्षा कमी सांगतो, मग ईसीयू दाब वाढवतो आणि तेवढ्याच वेळात इंजेक्टर जास्त डिझेल सोडतो. बोलणारा मधेच गप्प झाला की ईसीयू बिथरून लिंप मोडला, म्हणजे ताकद कापून जपून चालवायला, जाणारच.

विक्रेत्याला फोन केला. "सर, व्हायब्रेशन वॉरंटीत येत नाही." अरे, डिझेल गाडीला विकतोस ना? नवीन हार्नेसचे (कनेक्टरसकट वायरिंगचे) १८०० सांगितले. नाही दिले. अक्कलकोट रोडच्या वायरिंगवाल्या मामांनी "काय बे, एवढ्यासाठी आलास?" म्हणत केबल टाय टाकला, वरून यंत्रमागाच्या सुताने आवळलं. खर्च दोन चहा. ५ महिने झाले, जागचं हललं नाही.

एक गोष्ट मात्र मागे घ्यायची आहे. मार्चमध्ये काळा धूर वाढला तेव्हा मी चार जणांना 'घेऊ नका' म्हणून सांगून बसलो होतो. निघाला इंटरकूलरचा (टर्बोची हवा थंड करणाऱ्याचा) होज फाटलेला. टर्बोची हवा तिथूनच फुस्स, डिझेल मात्र जास्तीचं. होज बदलला, मॅप (बॉक्सचं ताकदीचं सेटिंग) ५ वरून २ वर आणला. पीयूसीला धुराचं माप १.२ आलं, बीएस ४ ला १.६२ पर्यंत चालतं. तेव्हा धुराचं बोललो ते परत घेतो. क्लिपचं नाही.

ओढ खरंच वाढली. दीड टन घेऊन घाटात तिसरा गिअर टिकतो, आधी दुसरा टाकावाच लागायचा. मॅप ५ वर क्लच प्लेटचा वास यायचा, तो मोह सोडला. ॲव्हरेज वाढेल असं विक्रेता म्हणाला होता. माझी टाकी टू टाकीची वही आहे: आधी १२.८, आता १२.९. या हिशोबाने पैसे नातवाच्या हयातीत फिटतील.

मे महिन्यात पारा ४३ ला गेला तेव्हा एवढ्या उन्हात, लोडवर, एग्झॉस्ट आणखी तापवायची छाती झाली नाही. हार्नेस तसाच ठेवला, बॉक्स काढून त्याच्या जागी सोबत आलेला बायपास प्लग लावला. हा प्लग काहीच करत नाही, फक्त वायर जोडतो. त्याची क्लिप इतकी घट्ट, की काढायला स्क्रू ड्रायव्हर लागतो.