एका सडाला चार वासरं : गाडीत जादा सॉकेट बसवून नऊ महिने झाले, त्याचा अनुभव

मी गुरांचा डॉक्टर. फिरती माण तालुक्यात. दहिवडी, म्हसवड, गोंदवल्याची बाजू, कधी हद्द ओलांडून वडूजपर्यंत. दिवसाला साठ-सत्तर किलोमीटर होतातच, त्यातले निम्मे डांबर सोडून. गाडी नऊ वर्षांची पेट्रोल हॅचबॅक. तिला मुळातलं सॉकेट एकच, गिअरच्या पुढे. त्या एकट्याच्या जिवावर माझा फोन, डॅशकॅम, सोनोग्राफी मशीनचा चार्जर आणि टायरात हवा भरायचा पंप असा सगळा संसार चालला होता.

मागच्या वर्षी एका दुकानात जाऊन आणखी दोन सॉकेट आणि एक यूएसबी बसवून घेतलं होतं. वीस मिनिटांत काम झालं, तेव्हाच शंका यायला हवी होती. एका संध्याकाळी खडीच्या रस्त्यावर टायर बसला, पंप लावला, वर कॅमेरा चालू, फोन चार्जिंगला. फ्यूज उडाला. सोबत म्युझिक सिस्टिमही गेली, कारण आमच्या गाडीत दोन्हींचा फ्यूज एकच. नवा फ्यूज टाकला, तर आठवड्याने डॅशबोर्डमधून प्लॅस्टिक तापल्याचा वास. दहिवडीच्या वायरमनकाकांनी कन्सोल उघडला. मूळ सॉकेटच्या बारक्या वायरीलाच तिन्ही नवी सॉकेट पीळ मारून जोडलेली, वरून साधी काळी टेप. उन्हाने टेपचा गोंद पातळ होऊन ती घसरली होती आणि जोड उघडा पडला होता. काका म्हणाले, "डॉक्टर, एका सडाला चार वासरं लावलीत की तुम्ही!"

फेब्रुवारीत ते सगळं काढून टाकून नव्याने वायरिंग केलं. निम्मं काकांनी, निम्मं मी. आता ऑक्टोबर. मधे एक उन्हाळा आणि एक पावसाळा गेला.

मुख्य बदल एवढाच, की मूळ सॉकेटच्या वायरीला हातच लावला नाही. बॅटरीच्या प्लसवरून चार स्क्वेअर एमएमची वेगळी वायर आणली. बॅटरीपासून वीतभर अंतरावर ३० अँपिअरचा फ्यूज. तिथून ही वायर इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यातून रबरी ग्रोमेटमधून आत घेतली, डॅशबोर्डखाली ४० अँपिअरचा रिले (बारीक करंटच्या इशाऱ्यावर मोठा करंट चालू-बंद करणारा खटका), आणि त्यापुढे चार फ्यूजांची छोटी पेटी. पंपाच्या सॉकेटला १५ अँपिअर, कूलबॉक्सच्या सॉकेटला १०, यूएसबीला ७.५, कॅमेऱ्याला ३. रिलेला जागं करायला चावीच्या एसीसी लाइनवरून (चावी पहिल्या टप्प्यावर फिरवली की जिवंत होते ती) बारीक वायर. रिलेची कॉइल जेमतेम दीडशे मिलिअँपिअर खाते, त्यामुळे गाडीच्या मूळ वायरिंगवर काही भार येत नाही. चावी काढली की तिन्ही सॉकेट बंद. बॅटरीवर मेनची वायर थेट असली तरी सॉकेटवर मागे काही चालू राहिलं ही भानगड संपली. अपवाद कॅमेऱ्याच्या कायम करंटच्या वायरीचा, तिची गोष्ट पुढे.

फ्यूज बॅटरीजवळच का, हा प्रश्न मला तीन जणांनी विचारलाय. फ्यूज मोबाइल वाचवायला नसतो, वायर वाचवायला असतो. पत्र्याच्या कडेला घासून वायर सोलली आणि फ्यूज आत डॅशबोर्डमध्ये असला, तर बॅटरीपासून पत्र्यापर्यंतचा तुकडा पेटेल आणि फ्यूज मजेत शाबूत राहील. आमच्या रस्त्यांवर घासणं ही शक्यता नसते, वेळापत्रक असतं. म्हणून ग्रोमेट आणि वरून पन्हळी पाइप. दोन्ही मिळून शंभर रुपयांच्या आत.

चार एमएम वायर बघून काका हसले होते, "ट्रॅक्टर करायचाय का?" मग त्यांच्याच मल्टिमीटरवर दाखवलं. जुन्या जोडणीत इंजिन चालू, पंप चालू : बॅटरीवर १३.९ व्होल्ट, सॉकेटवर ११.९. दोन व्होल्ट वाटेतच गायब. पंप १२ अँपिअर ओढत होता, म्हणजे २४ वॅट उष्णता डॅशबोर्डच्या आत कुठेतरी तयार होत होती. कथिलाचा डाग द्यायची आपली साधी सोल्डरिंगची कांडी २५ वॅटची असते. माझ्याकडे ती सगळी उष्णता एका जागी नव्हती म्हणून निभावलं. नव्या वायरिंगवर तोच पंप चालू असताना सॉकेटवर १३.४ मिळतात. पूर्वी २० वरून ३२ पीएसआयला नऊ मिनिटं लागायची, आता सहा.

त्यात निम्मं श्रेय अर्थिंगचं. पहिल्यांदा मी अर्थची वायर डॅशबोर्डच्या आतल्या एका स्क्रूला बांधली होती, सोपी पडते म्हणून. मीटरची एक काडी त्या स्क्रूवर, दुसरी बॅटरीच्या मायनसवर ठेवून पंप चालवला, तर ०.६ व्होल्ट. मग डाव्या बाजूच्या पॅनेलमागे बॉडीला वेल्ड केलेला बोल्ट शोधला, भोवतीचा रंग पॉलिश पेपरने घासून पत्रा चमकवला, वायरीच्या टोकाला गोल लग (धातूची कडी) क्रिंप करून, म्हणजे पकडीने दाबून बसवून, आवळला आणि वरून ग्रीस. आता ०.०५. दहा नंबरचा पाना आणि दहा मिनिटं.

क्रिंपिंगबद्दल आमच्यात वाद झाला. काकांचा कथिलावर विश्वास. कथिल वाईट नाही, पण कथिल जिथे संपतं तिथे वायर कडक होते आणि रोजच्या हादऱ्यांत नेमकी तिथेच तुटते. शेवटी अर्धे जोड त्यांच्या पद्धतीने, अर्धे थिंबल (वायरीच्या टोकाला बसणारी धातूची टोपी) आणि क्रिंपिंगच्या पकडीने. जुलैत कथिलाचा एक जोड तुटला, यूएसबीचा. क्रिंपचा एकही नाही. एका जोडावरून निकाल लावत नाही, पण पकड मात्र मी आता विकत घेतली. वायर जिवंत वायरीला चिमट्यासारखी बसवणारे ते निळे-लाल प्लॅस्टिकचे कनेक्टर दुकानात मिळतात ना, ते घेऊ नका. आतलं पातं वायरीच्या तारा कापतं, आणि कापलेल्या तारा पावसाळ्यात हिरव्या पडतात. टेपही साधी नको, कापडी घ्या. उन्हाळ्याने तिला काही केलेलं नाही.

एसीसीची लाइन फ्यूज टॅपने घेतली. मूळ फ्यूजच्या जागी बसतो, त्यात मूळ फ्यूज आणि शेजारी तुमचा जादा. हा उलटा बसला तरी चालतो, आणि तीच फसगत आहे. उलटा बसला की तुमचा भारही मूळ फ्यूजमधून जातो आणि वेगळा फ्यूज लावण्याचा अर्थच उरत नाही. फ्यूज काढा, चावी एसीसीवर करा, टेस्ट लॅम्पने दोन पाकळ्यांपैकी कुठली पेटते ते बघा. टॅपचा जो पाय आत करंट घेतो तो त्या पाकळीत. शिवाय फ्यूजचं माप आधी पाहा. मी मिनी आणला, गाडीला लागत होता बुटका मिनी, आणि साताऱ्याला दुसरी चक्कर.

आता वस्तूंकडे.

व्होल्टमीटरवालं यूएसबी पॅनेल : ६५० रुपये. त्याला साधारण २९ मिलिमीटरचं भोक लागतं. पहिलं भोक मी सुंदर पाडलं, एकदम गोल, आणि मागे एसीचा डक्ट निघाला. ते भोक आता रबरी बूच लावून जगतंय. आधी मागे हात घालून किमान चार बोटं जागा आहे का बघायचं, हे इंजेक्शन देणाऱ्याला कुणी सांगायला नको होतं. पॅनेल चांगलं चाललं. एका पोर्टवर फोन जलद चार्ज होतो, पण निळे आकडे रात्री काचेत दिसतात, त्यावर काळ्या पट्टीचा एक पापुद्रा चिकटवलाय. व्होल्टमीटर मला शोभेचा वाटला होता. ऑगस्टमध्ये त्यानेच सांगितलं की इंजिन चालू असूनही १२.४ च्या वर जात नाहीये. चार्जिंग चालू असेल तर १३.८ ते १४.४ च्या आसपास दिसायला हवं. अल्टरनेटरचा पट्टा सैल होता. रात्री रस्त्यात अडकलो असतो.

यूएसबीच्या आधी एक दीडशे रुपयांचा चार्जर लावून पाहिला होता. तो लागला की सातारा आकाशवाणीवर खरखर. स्वस्त चार्जरमध्ये १२ चे ५ व्होल्ट करणारं सर्किट फार वेगाने चालू-बंद होतं आणि तो गोंगाट गाळायला आत काहीच नसतं. पॅनेलवर ही तक्रार नाही.

डॅशकॅमचं हार्डवायर किट : तीन वायरी. एक कायम करंटची, एक एसीसी, एक अर्थ. कायमची वायर असते ती गाडी उभी असताना कॅमेरा चालू राहावा म्हणून. व्होल्टेज ठरावीक आकड्याखाली गेलं की किट कॅमेरा बंद करतं. माझ्या किटवर ११.६, १२.० आणि १२.४ असे तीन पर्याय. कॅमेरा जास्त वेळ चालावा म्हणून मी ११.६ ठेवला. एप्रिलमध्ये गाडी साताऱ्याला स्टँडजवळ लावून तीन दिवस बाहेरगावी गेलो. परत आलो तर सेल्फ नुसता टक-टक. हिशेब आधी केला असता तर कळलं असतं. कॅमेरा पाव अँपिअर खातो, म्हणजे दिवसाला सहा अँपिअर-तास. माझी बॅटरी ३५ ची आणि वय तीन वर्षं. पूर्ण भरलेली बॅटरी निवांत असताना १२.६ दाखवते. १२.२ ला ती निम्म्यावर आलेली असते, आणि ११.६ ला तिच्यात काही उरलेलं नसतं. चूक माझीच. आता १२.४ वर ठेवलाय, आणि दोन दिवसांपेक्षा जास्त गाडी उभी राहणार असेल तर त्या वायरीचा फ्यूजच काढून खिशात घालतो.

कॅमेऱ्याची वायर ए-पिलरमधून (पुढच्या काचेच्या कडेचा खांब) खाली आणली. माझ्या गाडीत पडदा एअरबॅग (बाजूच्या काचांवर वरून पडद्यासारख्या उघडणाऱ्या) नाहीत म्हणून हे सोपं गेलं. तुमच्या गाडीत असतील तर वायर एअरबॅगच्या मागून न्या, पुढून आडवी नको, आणि पिवळ्या वेष्टनाच्या किंवा पिवळ्या कपलरच्या वायरीला टेस्ट लॅम्प लावू नका. काम सुरू करताना बॅटरीचा मायनस आधी काढा. प्लस आधी काढायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला, तर ठिणगी पाहायला शेजारचे गोळा होतील.

कूलबॉक्स : यावर माझा राग आहे, आणि तो वायरिंगवर नाही. फिरतीत लस गार राहावी म्हणून घेतला. लाळ्या-खुरकुताच्या लशीला २ ते ८ अंश लागतात, आणि ती गोठलेलीही चालत नाही. हा डबा थर्मोइलेक्ट्रिक, म्हणजे फ्रिजसारखा कॉम्प्रेसर नसलेला, चार अँपिअर ओढतो. बाहेरच्या तापमानापेक्षा पंधरा-सतरा अंश खाली आणतो, त्याहून जास्त नाही. माणदेशात मे महिन्यात बाहेर ४१ असेल, तर आत २४. म्हणजे लशीसाठी नापास. खोक्यावर "मिनी फ्रिज" छापलंय. लस आता पुन्हा आमच्या जुन्या आइसपॅकच्या कॅरियरमध्ये, पॅकला घाम फुटू दिल्यावरच. डब्यात माझं ताक असतं.

सोनोग्राफी मशीनचा चार्जर मात्र उत्तम जमला. आधी इन्व्हर्टर घेतला होता, दीडशे वॅटचा. १२ चे २३० करायचे आणि चार्जरने परत १९ करायचे, दोन्हीकडे गळती, वर पंख्याची घरघर. आता १२ वरून थेट १९ व्होल्ट देणारा अडॅप्टर लावलाय. गाय गाभण आहे का हे तिसाव्या दिवशी बघायला गेलेल्या गोठ्यात मशीनची बॅटरी संपलेली असणं, आणि मालकाने "हाताने बघा की मग" म्हणणं, हे आता होत नाही. (हाताने तिसाव्या दिवशी काय कळणार!)

पंपाचं सॉकेट : वायर भक्कम, पण सॉकेट स्वतः कमकुवत कडी. खडबडीत रस्त्यावर प्लग मागे सरकतो, मधल्या पिनचं टेकणं ढिलं होतं आणि तिथे गरम होतं. सप्टेंबरमध्ये प्लगचं टोक पिवळट झालेलं दिसलं. दुसरं सॉकेट आणलं, फिरवून अडकणारं, त्याच्या जोडीच्या प्लगसकट. तेव्हापासून हात लावून बघतो, कोमट लागतं, बस.

खर्च : सामान ३,४०० च्या आसपास, काकांची मजुरी ८००. आधीच्या दुकानात मी १,२०० दिले होते. वॉरंटीतली गाडी असेल तर मूळ हार्नेस (कंपनीच्या वायरींचा जुडगा) कापू देऊ नका. कापलेली वायर सर्व्हिस सेंटरला सापडली की इलेक्ट्रिकलचा दावा अडकू शकतो.

मागच्या सीटला एक सॉकेट अजून बाकी आहे. चार फ्यूजांची पेटी भरली, सहाची घ्यावी लागेल. काकांना दिवाळीनंतर वेळ आहे म्हणाले. त्यांची म्हैस तेव्हा विणार आहे, त्यामुळे मजुरीचं आम्ही तिथेच मिटवणार.