सीलबंद डीईएफची २० लिटरची बादली: घ्यावी का?
डीईएफ म्हणजे डिझेलच्या धुरातला विषारी वायू कमी करणारं युरिया आणि शुद्ध पाण्याचं द्रावण. बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या नियमांतल्या) ट्रकसाठी बिनधास्त घ्या. हायवेवरच्या सुट्ट्या डीईएफच्या वाटेला जाऊ नका. बादलीवर आयएसओ २२२४१ (डीईएफच्या दर्जाचं मानक) आणि उत्पादनाची तारीख बघा. युरिया ३२.५ टक्के हवा, रिफ्रॅक्टोमीटरवर (द्रावणातलं प्रमाण मोजायचं छोटं यंत्र) थेंब टाकला की कळतं. शेतातला युरिया नळाच्या पाण्यात कालवलेला माल स्वस्त पडतो खरा, पण त्यातल्या क्षारांनी डीईएफ फवारणारा डोझिंग इंजेक्टर चोंदतो, धूर स्वच्छ करणारा एससीआर कॅटॅलिस्ट निकामी होतो. मग नॉक्स (धुरातले नायट्रोजनचे विषारी वायू) वाढतं आणि ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) इंजिनची ताकदच कापतो. बादलीसोबतची ओतायची नळी मात्र आखूड, हमखास सांडतं. सांडलेलं लगेच पाण्याने धुवा, नाहीतर पांढरे खडे धरतात. बादली उन्हात ठेवू नका, ३० अंशांच्या वर मालाचा दर्जा लवकर उतरतो. आणि हो, धुरातली काजळी अडवायचं काम डीपीएफ या फिल्टरचं. तो तुंबला तर डीईएफ ओतून काही होत नाही.